गाडी बसली

हायवेवर आपल्या पुढे चाललेला ट्रक तुम्ही कधी नीट मागून पाहिलाय का? ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचून आपण सोडून देतो. पण ती अक्षरं ज्या फळीवर लिहिलेली असतात ती फळी रस्त्याला समांतर आहे का, ते एकदा बघा. पुष्कळदा नसते. एक टोक चार बोटं खाली, दुसरं वर. एखादा माणूस एका पायावर भार देऊन पानाच्या टपरीपाशी उभा असावा तसा तो ट्रक चाललेला असतो. आमच्याकडे याला ‘गाडी बसली’ म्हणतात. डाव्या अंगाला बसली, मागं बसली, वगैरे.

मला ही सवय लहानपणापासून आहे, कारण आमच्या घरी एक ट्रक होता. एकच. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गूळबाजारातून माल भरायचा आणि पुण्या-मुंबईला टाकायचा, हा अण्णांचा धंदा. घरात आजी, आई, आम्ही तिघं भावंडं आणि तो ट्रक असं सात जणांचं कुटुंब होतं म्हणा ना. ट्रक आजारी पडला की घरात सगळ्यांचे आवाज बारीक व्हायचे.

आज त्या ‘बसण्या’विषयीच लिहायचं आहे. विषय तसा तेलकट आहे, पण थोडं सांभाळून घ्या.

आधी शब्द. ट्रकच्या चाकाजवळ पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या दिसतात ना, त्या एकेका पट्टीला आपण पाटा म्हणतो आणि सगळ्या संचाला पाटे किंवा कमान. कमान हा फारसी शब्द, मूळ अर्थ धनुष्य. दरवाजावरची कमान तीच आणि गाडीखालची कमानही तीच. गंमत अशी की दरवाजाची कमान हलली तर घर पडतं, आणि गाडीची कमान हलली नाही तर गाडी मोडते!

चाकं आली ती हजारो वर्षांपूर्वी, पण चाक आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी लवचीक घालावं हे सुचायला फार उशीर लागला. आपल्या बैलगाडीत तर ते शेवटपर्यंत आलंच नाही. आख थेट साटीखाली, त्यामुळे प्रत्येक दगडाची बातमी थेट मणक्यात. युरोपातल्या श्रीमंतांनी घोडागाडीची पेटी चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगून बघितली. ती झोपाळ्यासारखी झुलायची, आणि आत बसलेल्यांना जहाजात बसल्यासारखं मळमळायचं म्हणे. पोलादी पाट्यांचे प्रयोगही सुरू होते. पण आजच्या ट्रकच्या पाट्याचा सख्खा आजोबा शोधायचा तर १८०४ च्या सुमाराला लंडनमधल्या ओबदाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याकडे जावं लागतं. त्याने दोन कमानी तोंडाला तोंड लावून लंबगोल स्प्रिंग केली आणि ती सरळ आखावर बसवली. तोवर पुढचा आणि मागचा आख जोडायला गाडीखाली एक जाडजूड लाकडी कणा लागत असे. तो कणाच त्याने काढून टाकला. गाडी हलकी झाली, बुटकी झाली, आणि घोड्यांनी मनातल्या मनात इलियटचे आभार मानले असतील. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८१६ मध्ये, ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम मॅकॅडमसाहेबाकडे आलं आणि खडीचे सपाट रस्ते होऊ लागले. चांगला रस्ता आणि चांगली कमान साधारण एकाच वेळी आल्या. आपल्याकडे बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता माल्कमसाहेबाच्या कारकिर्दीत १८३० साली झाला. त्याआधी तिथून माल जायचा तो बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून. बैलाच्या पाठीइतकी उत्तम स्प्रिंग कोणती? पण ती दिवसाला फार थोडं अंतर कापायची.

आता प्रश्न असा, की इतके पाटे कशाला? एकच जाडजूड पाटा का नाही? हे मला मिस्त्रींनी समजावलं होतं, आणि पुढे कॉलेजात त्याचं गणित सापडलं. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा दुप्पट नाही, आठपट होतो. जाडीचा घन. दहा पाटे एकमेकांवर नुसते ठेवले तर ताठपणा दहापट. तेवढ्याच जाडीचा एक अखंड ठोकळा घेतला तर हजारपट. म्हणजे तेवढंच पोलाद, पण ठोकळा शंभरपट ताठ, आणि वाकायला गेला की तुटणार. पाटे वेगळे असतात म्हणून वाकतात आणि बांधलेले असतात म्हणून उचलतात. शिवाय वाकताना ते एकमेकांवर घासतात, त्यामुळे गाडी उडाल्यावर उड्या मारत राहत नाही, लवकर शांत होते. त्यामुळेच कित्येक जुन्या ट्रकांना मागे शॉकअप नसायचे. पाट्यांचं घासणंच शॉकअपचं काम करायचं.

दुसरं गणित आणखी जुनं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली एका पुस्तकाच्या शेवटी काही अक्षरांचं कोडं छापलं. शोध आपला आहे हे नोंदवून ठेवायचं, पण दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नाही, अशी तेव्हाची पद्धत. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने स्वतःच कोडं सोडवून दाखवलं. अर्थ एवढाच: जेवढा जोर तेवढा ताण. एक टन ठेवल्यावर कमान एक इंच दबली तर दोन टनांना दोन इंच दबेल. शाळेत हे वाचून मी दोन मार्क मिळवले आणि विसरून गेलो. आमच्या घरात या नियमाने काय करून ठेवलं होतं हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते पुढे सांगतो.

स्वातंत्र्याच्या आसपास आपल्या रस्त्यांवर धावणारे पुष्कळसे ट्रक महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेले होते. त्यांना ‘डिस्पोजल’ म्हणत. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) पहिली एसटी सुटली. एसटीच्या शेवटच्या बाकावर ज्याने खेड्यातला प्रवास केलाय त्याला कमानीबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. मग १९५४ साली जमशेदपूरला, रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेन्झशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ ला तो संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला, आणि ट्रक मात्र तसाच राहिला. आमचा १२१० त्याच घराण्यातला. १२ म्हणजे मालासकट एकूण वजन बारा टन आणि १० म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती, असा हिशोब अण्णांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवला होता.

ट्रकच्या कमानीची खरी पंचाईत अशी, की तिला दोन वेगवेगळ्या गाड्या सांभाळायच्या असतात. जाताना सात टन गूळ, येताना रिकामी. रिकाम्या गाडीला जी कमान मऊ, ती भरल्यावर लोळागोळा. भरल्यावर जी बरोबर, ती रिकामी असताना दगड. यावर तोड म्हणून मागच्या मुख्य पाट्यांवर एक छोटा संच असतो, ‘हेल्पर’. रिकामी गाडी असताना तो नुसता बसून असतो. माल पडला आणि चासी खाली आली की त्याची टोकं टेकतात आणि तो कामाला लागतो. (आमच्या ऑफिसात असे बरेच हेल्पर आहेत, फक्त माल पडला तरी टेकत नाहीत. असो.)

आणि मग आपली देशी तोड: जादा पाटा. कागदावर सात टन, पण भाडं मिळतंय नऊ टनाचं. मग काय, दोन पाटे वाढवा. हा महामार्गावरच्या अर्थशास्त्राचा पाया होता म्हटलं तरी चालेल. कित्येक राज्यांनी तर ठरावीक रक्कम भरून जादा माल नेण्याची सोयच करून दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती बेकायदा ठरवली: जादा माल असेल तर तो उतरवा, नुसता दंड घेऊन गाडी सोडू नका. पुढे २०१८ मध्ये सरकारने मागच्या चार टायरच्या आखाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. त्याचं एक कारण असं सांगितलं गेलं की गाड्या आणि रस्ते सुधारलेत. मला वाटतं, लोक नेतच होते तेही एक कारण असावं.

तर आमची गोष्ट. १९८४ चा हिवाळा, गुळाचा ऐन हंगाम. कराडजवळ डाव्या मागच्या कमानीचा मेन पाटा तुटला. मेन पाटा म्हणजे सगळ्यात लांब, ज्याच्या टोकाच्या डोळ्यात पिन जाते तो. गाडी कशीबशी उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे आणली. मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “मालक, सगळेच पाटे उतरल्यात. दोन्ही बाजू नव्या टाका.” अण्णांकडे एका बाजूचेच पैसे होते. बहिणीच्या लग्नाचं देणं अजून फिटायचं होतं. “एवढ्या खेपेला डावीच करा मिस्त्री, उजवीचं बघू होळीला.” मिस्त्री म्हणाले, “एका पायात नवी चप्पल नि एका पायात झिजलेली घालून चालतासा काय?” पण शेवटी त्यांनी डावी बाजू केली. ऐकावं लागतं. पैसे ज्याचे त्याची गाडी.

नवी कमान चांगली उंच, जुनी दमलेली. गाडी उजवीकडे दीड इंच बसली. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. पाटा ‘उतरतो’ म्हणजे त्याचा बाक कमी होतो, पण त्याचा ताठपणा जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे ती गाडी रिकामी असताना दीड इंच कलली तर भरल्यावरही साधारण तेवढीच कलणार. दिसायला वाईट, टायरला वाईट, पण कालच्यापेक्षा आज जास्त असं नाही.

अण्णांना ते कलणं बघवेना. मिस्त्री त्या आठवड्यात गावी गेले होते. दुसऱ्या एका कारागिराने अर्ध्या तासात तोड सांगितली: उजवीकडे एक जादा पाटा घालू. घातला. गाडी एकदम लेव्हल! अण्णांनी स्वतः पट्टी लावून बघितली, दोन्हीकडे सारखं माप. आईने नारळ फोडला. मी टाळ्या वाजवल्याचं मला आठवतंय.

हूकसाहेब कुठेतरी डोक्याला हात लावून बसले असतील. उजवी कमान आता उंच झाली होती, पण त्याचबरोबर जास्त ताठही. रिकाम्या गाडीत दोन्ही सारख्या दिसत होत्या. माल पडला की डावी जास्त दबणार आणि उजवी कमी, आणि जितका माल जास्त तितका हा फरक वाढणार. रिकामी असताना सरळ दिसणारी गाडी भरल्यावर डावीकडे कलणार. शाहूपुरीत गूळ भरल्यावर अण्णांच्या ते लक्षातही आलं होतं. पण बाजारातली जमीन कुठे सपाट असते? उतार असेल म्हणून ते निघाले. कागदावरच्या वजनापेक्षा दोन-सव्वादोन टन माल जास्त होता, हेही इथेच सांगून टाकतो. सगळा दोष पाट्यावर ढकलणं बरोबर नाही.

खंबाटकी घाटाला तेव्हा बोगदा नव्हता, येणारे-जाणारे सगळे वरूनच. घाट चढून पुण्याच्या बाजूला उतरताना एका उजव्या वळणावर गाडी डावीकडे कलली, आणि सरळ व्हायच्या ऐवजी तशीच राहिली. डावा मागचा टायर हौद्याच्या लाकडाला घासायला लागला. वास आला म्हणून किन्नर डाव्या दारातून बाहेर वाकून बघायला गेला. तेवढ्यात टायर फुटला आणि गाडी कठड्याला जाऊन घासत थांबली. कठडा होता म्हणून गाडी थांबली. पण दार आणि कठडा यांच्यामध्ये त्या पोराचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता.

अण्णा घरी आले ते तीन दिवसांनी, साताऱ्याहून. त्यांनी कुणाशीच काही बोललं नाही. आठवडाभराने मला घेऊन उद्यमनगरात गेले. मिस्त्रींनीही ‘मी सांगत होतो’ असं म्हटलं नाही. हे मला आज जास्त जाणवतं.

त्यानंतरचे दोन दिवस मी जे बघितलं ते माझं सगळ्यात आवडतं शिक्षण. मिस्त्रींनी आधी गाडीला हातच लावला नाही. गवंड्याकडून पाण्याची नळी आणली आणि जमीन मोजली! चारही चाकांखालची जागा एका पातळीत आहे का ते बघितलं, एका चाकाखाली पत्रा सरकवला. मग सगळ्या टायरांत सारखी हवा. डिझेलची टाकी एका अंगाला असते, म्हणून त्यात किती डिझेल आहे तेही विचारलं. कललेली गाडी बघून लगेच कमान खोलायची नाही, आधी जमीन, मग टायर, मग कमान, हा त्यांचा क्रम. मग जादा पाटा काढून टाकला आणि उजवी कमान पूर्ण उतरवली. नव्या डाव्या कमानीचा बाक त्यांनी जमिनीवर खडूने काढून ठेवला होता. उजवीचा एकेक जुना पाटा, खोलगट बाजू वर करून, मधे पोकळ असलेल्या ऐरणीवर ठेवायचा आणि बोट-बोट अंतरावर घणाचे मोजके घाव घालत जायचं. मग खडूच्या रेघेवर ठेवून बघायचं. परत घाव. सगळं थंडच. मी विचारलं, भट्टीत तापवून पटकन का नाही वाकवत? तर म्हणाले, “तापवलं की पाणी उतरतं पोरा. मग बाक येतो पण दम ऱ्हात न्हाई.” दोन पाट्यांना बारीक चीर होती ते बाजूला टाकले आणि तेवढ्याच जाडीचे नवे घातले. पाट्यांची संख्या दोन्हीकडे सारखी, जाडी सारखी, बाक सारखा. यू बोल्ट आवळले, गाडीत वाळूची पोती टाकली, परत आवळले. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा यायला सांगितलं. नवी कमान पहिल्या काही दिवसांत थोडी बसतेच, म्हणून शेवटचं माप तेव्हाच घ्यायचं.

त्यांनी बाजूला टाकलेले पाटे एक लोहार घेऊन गेला. ट्रकच्या पाट्याचं पोलाद कोयत्याला उत्तम. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे उसाच्या आणि गुळाच्या गाड्यांखाली आयुष्यभर दबलेले पाटे शेवटी ऊस तोडायला परत जायचे.

जगात बाकीच्यांनी या कलण्यावर फार हुशारीची उत्तरं शोधली. अमेरिकेत १९५५ च्या पॅकार्ड गाडीत पाटे नव्हतेच. लांब पोलादी दांड्यांना पीळ पडायचा, आणि मागे वजन टाकलं की काही सेकंद थांबून एक विजेची मोटर गाडी आपोआप सरळ करायची. पॅकार्ड गाड्या मात्र काही वर्षांतच बंद झाल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन डीएस आली. तिच्यात तेल आणि वायू होता, पोल माजेस नावाच्या माणसाची ही करामत. इंजिन सुरू केलं की ही गाडी गाईसारखी उठून उभी राहायची! आपल्या अँबॅसेडरलाही पुढे पीळ घेणाऱ्या दांड्याच होत्या. पुढून बसली की मेकॅनिक पीळ वाढवून उचलायचा, २०१४ ला गाडी बंद होईपर्यंत. २००१ पासून आपल्याकडे व्होल्वो बस आल्या, त्यांच्याखाली हवेचे फुगे असतात. एक झडप उंची बघते आणि हवा भरते किंवा सोडते. ट्रकमध्येही आता दहा-बारा पाट्यांऐवजी मधे जाड आणि टोकाला निमुळते असे मोजकेच पाटे येतात. पण घाटात पुढे चाललेला ट्रक बघितला, तर अजून फळी तिरकीच.

अण्णांनी त्यानंतर एक वेताची काठी केली. तिच्यावर चाकूने दोन खाचा: एक रिकाम्या गाडीची, एक भरलेल्या गाडीची. माल भरून झाला की आख आणि चासी यांच्यामध्ये काठी उभी धरायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे. भरल्यावर मोजायचं, हे महत्त्वाचं. खाच जुळली नाही तर पोती उतरवायची. दोन वेळा भाडं गेलं त्यामुळे, व्यापारी चिडले. १९९६ साली ट्रक विकला, तेव्हा घेणाऱ्याला त्यांनी काठी देऊ केली होती. त्याने ती घेतली नाही, त्यामुळे ती अजून आमच्याकडेच आहे.

तो किन्नर अण्णांकडेच राहिला, पुढे ड्रायव्हर झाला, मग स्वतःचा टेम्पो घेतला. गेल्या दिवाळीत फराळाला आला होता. जाताना माझ्या गाडीच्या मागे थांबला, गुडघ्यावर बसला, टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत उजव्या हाताची चार बोटं आडवी घालून बघितली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच बघितलं.

“दादा, डाव्या अंगाला बसलीया जरा,” म्हणाला. “पण आधी हवा बघा.”